कान कशानं तुटला?

वऱ्हाडात मुलीचे कान लहानपणीच टोचले जातात आणि पुढे आयुष्यभर त्यांवर काही ना काही लोंबत राहतं. कुड्या, झुमके, वेल. चाळिशीपर्यंत छिद्राची चीर होते आणि एक दिवस पाळी खालपर्यंत फाटते. कान ओघळले, असं आपण म्हणतो. अकोट तालुक्यातल्या कुठल्याही गावात बचत गटाच्या बैठकीला बसलं की असे दोन-चार कान दिसतात. एखादी हळूच विचारते, ''ताई, हा कान जोडता येते का हो?'' बाकीच्या हसतात, ''आता नटाचं हाय का इले?''

मैत्रिणींनो, यात हसण्यासारखं काय आहे? लग्नाकार्यात बाई मोकळ्या कानांनी गेली तर चार जणी टोकतात. घातलेल्या वजनानं कान फाटला आणि तो जोडावासा वाटला, तर ती नटवी! सुश्रुतसंहितेत कानाची पाळी जोडण्याचे पंधरा प्रकार दिले आहेत. म्हणजे हे दुखणं जुनंच.

शस्त्रक्रिया साधी आहे. पाळीत भुलीचं इंजेक्शन देतात, पूर्ण बेशुद्ध करत नाहीत. फाटलेल्या कडांवर कातडी आलेली असते आणि कातडीला कातडी चिकटत नाही, म्हणून त्या कडा खरवडून ताज्या करतात आणि टाके घालतात. साधारण अर्ध्या तासाचं काम. त्याच दिवशी घरी जाता येतं. टाके आठवड्या-दहा दिवसांनी काढतात. बारीक रेघ राहते, कधी पाळीच्या कडेला किंचित खाच पडते. जखमेवर गाठ धरण्याची सवय असेल, मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना आधी सांगायचं. 'बिनाऑपरेशन औषधानं कान चिकटवून देतो' म्हणणाऱ्याकडे मात्र जाऊ नका. अशा औषधानं पाळी भाजू शकते.

इथवर वर्षानुवर्षांच्या ओझ्यानं ओघळलेल्या कानांचं झालं. पण काही कान एका क्षणात तुटतात. भांडणात नवऱ्यानं झुमका धरून ओढलेला असतो. मग सासू तिला खाजगी दवाखान्यात नेते, ''लेकरानं ओढलं'' असं सांगते, आणि बाई मान खाली घालून बसते. डॉक्टर टाके घालतात. आठ-दहा दिवसांनी टाके निघतात, आणि मारहाणीची जी एकच उघड खूण होती ती सफाईनं मिटलेली असते. डॉक्टरांचं काम चोखच असतं. पण बाईला दोन मिनिटं एकटीला बसवून 'कान कशानं तुटला?' हे विचारणं हासुद्धा उपचाराचाच भाग आहे, असं माझं ठाम मत आहे.

ताज्या जखमेला त्याच दिवशी टाके घातलेले बरे, धनुर्वाताचं इंजेक्शनही घ्यावं. अशा वेळी अकोटच्या सरकारी रुग्णालयात किंवा अकोल्याच्या सर्वोपचारमध्ये जा आणि घडलं ते खरं सांगा. मारहाण म्हणून नोंद करायला लावा, कागदाची प्रत मागा, टाक्यांआधी कानाचा फोटो काढून ठेवा. 'आधी पोलिसात जाऊन या' म्हणून कोणी परत पाठवलं तर ऐकू नका. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 7 प्रमाणे पीडित बाईनं मागितल्यावर उपचार द्यावेच लागतात.

आणि तो झुमका? तो बहुतेक वेळा ओढणाऱ्याच्याच कपाटात गेलेला असतो. माहेरचा असो की लग्नात मिळालेला, ते तिचं स्त्रीधन आहे, आणि याच कायद्याखाली न्यायदंडाधिकारी ते परत करण्याचा आदेश देऊ शकतात. अर्जात त्याचा उल्लेख करायला आपल्या बाया हमखास विसरतात.

जोडलेला कान पुन्हा टोचायचा असेल तर तीनेक महिने थांबावं लागतं. नवं छिद्र जुन्या रेघेवर पाडायचं नाही, बाजूला पाडायचं, आणि त्यात हलकंच काही घालायचं. सासरच्यांना घाई असते, सण तोंडावर आलेला असतो. काहीजणी मात्र पुन्हा टोचतच नाहीत. एकीला मी कारण विचारलं तर म्हणाली, ''जोडाचा व्हता, टोचाचा नव्हता.''