सुपात काय आहे?

नव्या घरात येऊन चार महिने लोटले, तरी दिवाणखान्याची एक भिंत मोकळीच होती. चिरंजीवांनी मोबाईलवर एक चित्र दाखविले. पाच फूट उंच कॅनव्हास, गडद तांबडी पार्श्वभूमी आणि थेट आपल्यावर नजर रोखून उभी असलेली स्त्री. पडद्यांशी रंग जुळत होता. त्यांनी इसारही देऊन टाकला होता. मातोश्रींनी चष्मा लावून ते निरखले आणि म्हणाल्या, "पाहुणे घटकाभर बसून जातील. तिच्यासमोर दिवसभर मी बसायचे आहे." गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांचा सारा दिवस त्या भिंतीसमोरील खुर्चीत जातो, हे आम्हा कोणाच्याच ध्यानात आले नव्हते.

डोंगर-नदीचे चित्र काही दिवसांनी भिंतीत विरून जाते. मनुष्याकृतीचे तसे होत नाही. डोळा आधी चेहऱ्याकडे धावतो. मग ती व्यक्ती कोठे पाहते आहे, हातांनी काय करते आहे, याचा शोध घेऊ लागतो. म्हणून असे चित्र घेताना रंगांआधी नजर पाहावी आणि नजरेनंतर हात.

म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील दीपधारिणीचे चित्र पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांनी १९४५-४६च्या सुमारास ते रंगविले; दिवा घेऊन उभी होती त्यांची स्वतःची कन्या गीता. ज्योतीला धरलेला हाताचा आडोसा आणि बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड पाहिला, की चेहऱ्याकडे जायला क्षणभर उशीरच होतो. अनेक जण हे चित्र राजा रविवर्म्याचे समजतात. रविवर्मा तर १९०६ मध्येच निवर्तले होते! गाठीवरील छाप वाचल्याविना सौदा न करणाऱ्यांनी चित्रकाराचे नावही वाचायला हवे.

हे चित्र जलरंगातील आहे, आणि जलरंगांना ऊन सोसत नाही. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाच्या वेळी नेमके पश्चिमेचे ऊन त्या भिंतीवर येते, म्हणून तैलरंगातील चित्र घेण्याचे ठरले. चित्राच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद आठ दिवस भिंतीवर चिकटवून ठेवला. पाच फुटांचे चित्र किती जागा गिळते, ते तेव्हा कळले. दोन फूट पुरेसे होते. साडीचा रंग दुकानाच्या दिव्याखाली न पाहता दाराशी नेऊन पाहणारे आपण, चित्र मात्र मोबाईलवर पसंत करतो!

इसार बुडाला. दोन दिवस जेवताना त्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. पुढच्या रविवारी चिरंजीवच आजीला चाकांच्या खुर्चीतून एका प्रदर्शनास घेऊन गेले. दीड तास दोघे फिरत होते. आजीने निवडलेल्या चित्रात एक प्रौढ स्त्री मांडीवर सूप घेऊन धान्य निवडते आहे. मान खाली, नजर सुपात, एक बोट खड्यावर टेकलेले. चित्रकार तरुण आहे, नाव अद्याप कोणाला ठाऊक नाही.

आता रोज दुपारी आजी-नातवाचा वाद चालतो: सुपात तांदूळ आहेत की ज्वारी? चित्रकाराला फोन करून विचारू या, असे मी सुचविले, तर मातोश्रींनी साफ मनाई केली.