मुदत कागदाला, पैशाला नव्हे

श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या एखाद्या लग्नात पाचशे एक रुपयांचे पाकीट आहेर म्हणून दिले आणि ते मुलीकडच्यांनी वर्षभर कपाटात ठेवले, तरी उघडताना त्यात पाचशे एकच निघतात. तेवढ्याच रकमेचे एखाद्या साखळी दुकानाचे गिफ्ट व्हाउचर दिले, तर सहा महिन्यांनी त्याची किंमत शून्य झालेली असू शकते. दोन्ही वेळा पैसे देणाऱ्याच्या कष्टाचेच होते. दुसऱ्या वेळी मात्र ते दुकानदाराच्या गल्ल्यात आगाऊ जमा झाले आणि त्याने त्याबदल्यात काहीच दिले नाही. हा व्यवहार अन्यायाचा आहे, आणि तो थांबवण्यासाठी स्पष्ट नियम हवा, असे आमचे ठाम मत आहे.

दिवाळीला, लग्नसराईत, निवृत्तीच्या निरोप समारंभात आणि पतसंस्थांच्या कार्यक्रमांत आता व्हाउचर सर्रास दिले जाते. शहरातल्या माणसाला घराजवळच्या मॉलमध्ये ते वापरता येते. बेलापूरसारख्या गावातल्या माणसाचे तसे नाही. हजार रुपयांचे व्हाउचर हातात पडते, पण ते चालणारे दुकान अहिल्यानगरला, नाशिकला नाहीतर पुण्याला असते. एसटीने जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेला दिवस धरला, तर भेटीतला बराचसा भाग वाटेतच खर्च होतो. काउंटरवर पोहोचल्यावर कळते, की ‘ऑफरच्या मालावर हे चालत नाही’, ‘एका बिलाला एकच व्हाउचर’, ‘उरलेले पैसे परत मिळत नाहीत’. आठशे सत्तरची साडी घेतली, तर एकशे तीस रुपये सोडून यायचे. ते सोडायचे नसतील, तर अकराशेची घेऊन वर शंभर रुपये खिशातून घालायचे. दोन्ही वाटांनी फायदा दुकानाचाच. या सगळ्या अटी व्हाउचरच्या मागे बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेल्या असतात. त्या वाचून घ्या, असे विकताना कोणी सांगत नाही.

कायद्याने ग्राहकाला संरक्षण दिले आहे, पण ते अर्धवट. अनेक दुकानांत चालणारी गिफ्ट कार्डे रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली येतात. 2021 च्या निर्देशांनुसार अशा कार्डाची मर्यादा दहा हजार रुपये आणि मुदत किमान एक वर्ष असावी लागते. मुदत संपण्याआधीच्या 45 दिवसांत धारकाला सावध करावे लागते. कार्ड देणारी कंपनी बँक नसेल, तर लोकांचा पैसा तिला बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावा लागतो. मुदत संपल्यानंतरही किमान तीन वर्षे उरलेली रक्कम तिला नफ्यात वळवता येत नाही, आणि धारकाने मागितल्यास ती त्याच्या बँक खात्यात परत करावी लागते. हे नियम चांगले आहेत. परंतु एखाद्या दुकानाने फक्त स्वतःच्याच दुकानापुरते काढलेले व्हाउचर रिझर्व्ह बँकेच्या मंजुरीच्या कक्षेबाहेर राहते. त्याला किमान मुदत नाही, आठवण करून देण्याचे बंधन नाही, वेगळे खाते नाही, परताव्याची सोय नाही. लग्नात आणि दिवाळीत मिळणारी व्हाउचर बहुधा याच प्रकारची असतात. जिथे ग्राहक सर्वांत एकटा, तिथेच नियम हात आखडता घेतो.

न वापरलेल्या व्हाउचरची रक्कम अखेर कोणाची होते, हे हिशेबाच्या वह्याच सांगतात. मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या लेखा मानकानुसार, किती व्हाउचर वापरली जाणार नाहीत याचा अंदाज बांधून तेवढी रक्कम उत्पन्नात धरता येते. डिसेंबर 2024 मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून अशा न वापरलेल्या रकमेवर वस्तू व सेवा कर लागत नसल्याचे स्पष्ट केले. कराच्या दृष्टीने हे योग्यच आहे, कारण माल दिलाच गेला नाही. पण माल दिला नाही म्हणून सरकार कर घेत नसेल, तर माल न देणाऱ्या दुकानाने किंमत तरी का ठेवून घ्यावी? बँकेत दहा वर्षे कोणी न विचारलेली ठेवही बँकेची होत नाही. ती रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते आणि ठेवीदाराच्या वारसाला नंतरही मागता येते. बँकेला जे करता येत नाही, ते कापडाच्या दुकानाला करता यावे, याला कोणताही आधार नाही.

दुकानदारांची बाजूही ऐकली पाहिजे. वर्षानुवर्षे उघडी राहिलेली देणी हिशेबाला त्रासाची असतात, बनावट व्हाउचरची भीती असते, भावही बदलतात. म्हणून कागदाला तारीख असण्याला आमची हरकत नाही. तारीख उलटल्यावर जुने व्हाउचर जमा करून तपासावे, नवे द्यावे किंवा पैसे परत करावेत. भाववाढीचा फटका तर धारकालाच बसतो, कारण व्हाउचरवरचा आकडा वाढत नाही. खरेदीवर फुकट मिळणाऱ्या सवलतीच्या कूपनची गोष्ट वेगळी. त्यासाठी ग्राहकाने वेगळे पैसे मोजलेले नसतात, म्हणून त्याची मुदत संपली तर तक्रारीला जागा नाही. पैसे मोजून घेतलेले व्हाउचर मात्र दुकानाने घेतलेले कर्ज आहे, आणि ते फेडणे दुकानाचे काम आहे.

हे तत्त्व आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेले आहे. करोनाच्या टाळेबंदीत विमाने रद्द झाली, तेव्हा कंपन्या रोख परताव्याऐवजी पुढच्या प्रवासासाठी ‘क्रेडिट शेल’ देऊ लागल्या. 1 ऑक्टोबर 2020 च्या निकालात न्यायालयाने अडचणीतल्या कंपन्यांना 31 मार्च 2021 पर्यंत तशी मुभा दिली. मात्र त्या रकमेत दरमहा आधी अर्धा टक्का आणि नंतर पाऊण टक्का भर घालायला लावली आणि मुदतीत ती वापरली नाही, तर रोख परत करा, असे बजावले. मुदत संपली तरी प्रवाशाचा पैसा प्रवाशाचाच राहिला. विमानाच्या तिकिटाला जो न्याय, तोच साडीच्या व्हाउचरला लागू व्हायला हवा.

दुकानच बंद पडले तर काय, हा प्रश्न याहून गंभीर आहे. बिग बझारचे नाव महाराष्ट्रात घरोघरी माहीत होते. फेब्रुवारी 2022 मध्ये त्या दुकानांचा ताबा रिलायन्सकडे जाऊ लागला आणि जुलैमध्ये कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने ती दुकाने चालवणाऱ्या फ्युचर रिटेलची दिवाळखोरी प्रक्रिया सुरू केली. अशा वेळी तारण असलेल्या बँका पुढे उभ्या राहतात आणि व्हाउचरधारक रांगेच्या शेवटी. पाचशे रुपयांसाठी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत दावा दाखल करायला कोण जाणार? म्हणूनच हा पैसा धंद्याच्या पैशात न मिसळता वेगळा ठेवण्याची सक्ती हवी.

इतर देशांनी हे केव्हाच ओळखले. अमेरिकेत 2009 च्या कायद्याने गिफ्ट कार्डाला किमान पाच वर्षांची मुदत मिळाली. आयर्लंडनेही 2019 मध्ये पाच वर्षे ठरवली, ऑस्ट्रेलियात त्याच वर्षी तीन वर्षांची मुदत लागू झाली. तिथला किरकोळ व्यापार त्यामुळे बुडाला नाही.

आपल्याकडे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अन्यायकारक करारा’ची व्याख्या आहे, पण केवळ त्या मुद्द्यावरची तक्रार राज्य आयोगापासून पुढेच चालते. हजार रुपयांच्या व्हाउचरसाठी बेलापूरच्या माणसाने राज्य आयोग गाठायचा का? अनुचित व्यापारी प्रथेची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. तरी अशा किरकोळ रकमेसाठी कोणी पायरी चढत नाही. म्हणून एकेका ग्राहकावर भार न टाकता केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सर्व दुकानांसाठी मार्गदर्शक नियम काढावेत. त्यांत व्हाउचरची किमान मुदत तीन वर्षांची असावी. उरलेली लहान रक्कम रोख मिळावी आणि मुदतीनंतर व्हाउचर बदलून देणे बंधनकारक असावे. मुदतीची तारीख पुढच्या बाजूला ठळक छापली जावी. महाराष्ट्रात अटी मराठीत असाव्यात. दुकानाची पाटी मराठीत हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये बजावले. मग ज्या अटींवर ग्राहकाचा पैसा अडकतो, त्या मराठीत असणे त्याहून अगत्याचे आहे.

सदोष मालाच्या बदल्यात ‘क्रेडिट नोट घ्या’ म्हणणाऱ्या दुकानांनाही आवर घातला पाहिजे. बिलावर वेगळी मुदत नसेल, तर सदोष माल परत घेऊन 30 दिवसांत पैसे परत न करणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. तिथे चिठ्ठी देऊन ग्राहकाला पुन्हा आपल्याच दुकानात यायला भाग पाडणे चालणार नाही.

हा मुलूख हिशेब विचारणाऱ्यांचा आहे. उसाचा दाम आपल्या हातात राहावा म्हणून याच प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा केला. पुण्यात 1974 मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली, तीही हाच हिशेब बाजारात मागण्यासाठी. बेलापूर आणि श्रीरामपूरच्या व्यापाऱ्यांनी दिल्लीच्या नियमाची वाट पाहू नये. ‘आमच्या व्हाउचरचे पैसे बुडणार नाहीत’ असे त्यांनी आजच लिहून द्यावे. गिऱ्हाईक मोठ्या साखळी दुकानांकडे वळत असताना स्थानिक पेढीच्या शब्दाला अशा लेखी हमीने वजन येईल. पतसंस्थांनी आणि कारखान्यांनी व्हाउचर वाटण्यापूर्वी मुदत आणि अटी तपासाव्यात, जमल्यास रोख रक्कम किंवा गावातच मिळणारी वस्तू द्यावी. आणि वाचकहो, व्हाउचर विकत घेण्याआधी मुदत किती, उरलेले पैसे मिळतील का, दुकान कुठे आहे, हे तीन प्रश्न विचारा. मिळालेल्या व्हाउचरचा दोन्ही बाजूंचा फोटो आणि बिल जपून ठेवा. पैसे नाकारले गेले, तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, रक्कम कितीही लहान असो. नियम बदलायला लावण्याची ताकद अशा नोंदवलेल्या तक्रारींतच आहे.