तीनशे फूट खोली आणि 5280 फुटांचा मैल

दिवा पूर्वेला खोली घ्यायची म्हणून आमच्या मावशींनी इसाराचा कागद पुढे ठेवला. एजंट तोंडी ‘तीनशे फूट’ म्हणाला होता. कागदावर मात्र ‘25 चौरस मीटर’. नववीतल्या मुलाने एक मीटर म्हणजे 3.28 फूट, म्हणून 25 ला 3.28 ने गुणले. उत्तर 82. मावशींच्या तोंडचे पाणीच पळाले.

बंधुभगिनींनो, मुलाचा गुणाकार बरोबर होता; चूक दुसरीकडे होती. 3.28 हा लांबीचा हिशेब. चौरस मीटरला लांबी 3.28 फूट आणि रुंदीही 3.28 फूट, म्हणून तो भरतो 10.76 चौरस फूट. 25 ला 10.76 ने गुणले की 269. म्हणजे 31 फूट कमीच! सहा बाय पाचची मोरी त्यात बसते. ‘तीनशे फूट’ म्हणताना आपण ‘चौरस’ शब्द गिळतो, तिथेच घोटाळा होतो.

मुलाने मग दुसरा प्रश्न काढला. फूट बारा इंचांचा, हे समजले. पण मैल 5280 फुटांचा, असा आडनिडा आकडा कुणी ठरवला?

फूट म्हणजे पाऊल. मैल मात्र रोमन सैन्याच्या चालीतून आला. डावा पाय पडल्यापासून पुन्हा डावा पाय पडेपर्यंत एक पावंडा, तो पाच फुटांचा. असे हजार पावंडे म्हणजे मैल. हजाराला लॅटिनमध्ये ‘मिल्ले’ म्हणतात. तेव्हा मैल सरळ 5000 फुटांचा होता. इंग्लंडात शेतकऱ्यांचे माप वेगळे. बैलांनी एका दमात ओढायचे नांगराचे तास म्हणजे फर्लांग, 660 फूट. जमिनी या मापाने मोजलेल्या, ते मोडणार कोण? म्हणून 1593 साली तिथल्या पार्लमेंटने मैलच आठ फर्लांगांचा केला. आठ गुणिले 660, झाले 5280. आपल्याकडे कोस होता, हात होता, वीत होती. इंग्रजांबरोबर हा मैल आला.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, ती 21 मैल. मैलाचे किलोमीटर करायला आठाने गुणा, पाचाने भागा: 33.6. आज ठाणे 34 किलोमीटरवर धरतात. फूट हवे असतील तर 21 गुणिले 5280, म्हणजे 1,10,880. आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा 1956 साली झाला, तरी खोलीचा भाव आपण फुटानेच विचारतो.

जमिनीचा गुंठाही याच घरातला. 1620 मध्ये एडमंड गुंटर या इंग्रजाने 66 फुटांची मोजणीची साखळी काढली. अशा दहा साखळ्यांचा फर्लांग, 80 साखळ्यांचा मैल. अर्धी साखळी 33 फुटांची. 33 बाय 33 म्हणजे 1089 चौरस फूट, हाच आपला गुंठा; मेट्रिकमध्ये सुमारे 101 चौरस मीटर.

हे ऐकून मावशी सावरून बसल्या. एजंटने सांगितले होते, दोन गुंठ्यांत तीनशे फुटांच्या सात खोल्या काढल्या आहेत. दोन गुंठे म्हणजे 2178. सात खोल्यांनाच 2100 गेले. उरलेल्या 78 फुटांत भिंती, गल्ली आणि संडास बसवले तरी कसे, हे विचारायला त्या दुसऱ्या दिवशी मुलाला आणि टेपला बरोबर घेऊन गेल्या. व्यवहार 269 फुटांच्या भावाने ठरला.