मे महिन्यात टोमॅटोचा हट्ट कशाला?

नागपूर, अकोला, चंद्रपूर अशा शहरांत एप्रिल लागला की गच्चीवरच्या बागांतून एकच तक्रार ऐकू येते. जानेवारीत लगडलेला टोमॅटो आता फुलतो, पण फूल देठाशी वाळून गळून पडते. मग खत बदलले जाते, पाणी वाढवले जाते, कोणी तरी सांगितलेले औषध फवारले जाते. शेवटी ‘आपल्या हाताला गुणच नाही’ असे म्हणून कुंड्या कोपऱ्यात जातात. खरे तर चूक हाताची नाही, भाजीच्या निवडीची आहे.

टोमॅटोचे परागकण उष्णतेपुढे टिकत नाहीत. दिवसाचा पारा सतत ३५ अंशांच्या वर आणि रात्रीचा २४-२५ च्या वर राहू लागला की फलधारणा होत नाही आणि झाड फूल टाकून देते. ढोबळी मिरचीचेही तेच. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि रात्रही निवत नाही. हिरवी शेडनेट बांधून फळ धरत नाही ते यामुळेच. ती ऊन अडवते, रात्रीचा उकाडा नाही. तरीही घरच्या बागेसाठी मिळणाऱ्या बियांच्या संचात बाराही महिने टोमॅटो, ढोबळी मिरची, पालक, कोथिंबीर हीच मंडळी दिसतात. हौशी माणूस हिरमुसतो तो इथे.

उन्हाळ्याला साजेशा भाज्या आपल्याकडे मुबलक आहेत. गवार, चवळी, भेंडी आहेच. पण कुंडीसाठी खरी कामाची माठ, राजगिरा आणि घोळ. बहुतेक झाडांत कार्बन डायऑक्साइड पकडणारे विकर उकाड्यात गफलत करते आणि ऑक्सिजनच पकडू लागते; झाडाची मेहनत वाया जाते. माठ आणि राजगिरा हा वायू आधी दुसऱ्या विकराने पकडून आतल्या पेशींत एकवटतात, त्यामुळे ही गफलत टळते. ज्वारी आणि मका यांचीही हीच रीत. शास्त्रज्ञ तिला ‘सी-४’ म्हणतात. घोळ तर याच्याही पुढे. पाण्याचा ताण पडला की ती निवडुंगासारखी रात्री पर्णरंध्रे उघडते आणि दिवसा मिटून घेते. शेतात तण म्हणून उपटली जाणारी भाजी ही! माठ पेरल्यापासून महिनाभरात खुडायला येतो. लोह, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्वाचा पूर्वघटक असलेला हा पाला बाजारात महाग आणि कोमेजलेला मिळतो, नेमका त्याच दिवसांत. मात्र माठ आणि घोळ या दोन्हींत ऑक्झलेट बरेच असते. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावे. पाला उकडून पाणी टाकून दिल्यास ते प्रमाण कमी होते.

भाजी बदलली तरी कुंडी तापतेच. जमिनीत मुळे खोल गारव्यात जातात, कुंडीत त्यांना पळायला जागा नसते. काळी पिशवी तापलेल्या स्लॅबवर ठेवली तर मुळे अक्षरशः भाजतात. कुंड्या विटांवर उचलून, एकमेकींना खेटून ठेवाव्यात, भोवती ओले गोणपाट गुंडाळावे आणि मातीवर पालापाचोळ्याचा चार बोटे थर द्यावा. एवढे केले तरी फरक पडतो. दुपारी पाने माना टाकतात, तेव्हा लगेच पाणी घालण्याची घाई नको. पानांतून पाणी उडून जाण्याचा वेग मुळांच्या ओढीपेक्षा जास्त झालेला असतो. बोट मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर झाड सायंकाळी आपोआप सावरते. ओल्या मातीत पुन्हा पाणी म्हणजे मुळे कुजवण्याची तयारी.

जिथे टँकरची वाट पाहावी लागते तिथे गच्चीवर तीस-चाळीस कुंड्या पोसणे शहाणपणाचे नाही. पाच-सहा पुरेत. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी त्यांना चालते. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे पाणी झाडांना घालण्याचा सल्ला मात्र सरसकट पाळू नये. त्यात क्षार एकवटलेले असतात, विशेषतः बोअरवेल असेल तिथे. कुंडीतून ते फारसे निचरून जात नाहीत, काही आठवड्यांत पानांच्या कडा करपू लागतात. ते पाणी फरशी पुसायला वापरावे.