मी तिचा बाबा नाही

गेल्या वर्षी जुलैतल्या एका मंगळवारी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ऑडिओ आला. बेचाळीस सेकंदांचा. वरच्या मजल्यावरच्या काकांनी माझ्या बंद दाराबाहेर उभं राहून रेकॉर्ड केलेला. त्यात माझी कुत्री रडत होती. बीगल मान वर करून एक लांब सूर लावतात, तो आवाज. खाली काकांनी लिहिलं होतं, "सकाळी १० पासून हेच चालू आहे. संबंधितांनी कृपया दखल घ्यावी."

संबंधित, म्हणजे मी, हिंजवडीत रिलीजच्या मीटिंगमध्ये बसलो होतो. पहिल्यांदा राग आला तो काकांचा. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना मी ग्रुपवर टाकल्या. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं सांगणाऱ्या. खरं तर बंदीबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. पण तिघांनी अंगठा दिला, काका गप्प झाले आणि मी जिंकलो. संध्याकाळी बसमध्ये हेडफोन लावून तो ऑडिओ पुन्हा ऐकला.

तेव्हापासून मला 'पेट पेरेंट' हा शब्द सहन होत नाही. तुम्हीही तो वापरू नये, असं माझं म्हणणं आहे.

माझ्या इन्स्टाच्या बायोमध्ये तेव्हा 'बर्फीचा बाबा' असं लिहिलेलं होतं. बर्फीच्या वाढदिवसाला कुत्र्यांचा वेगळा केक यायचा, बंदाना यायचा. तिच्या पंजाचा ठसा फ्रेम करून भिंतीवर लावलाय, तो अजून आहे. पण हा बाबा झाला कसा, ते बघा. २०२१ मध्ये, लॉकडाऊनच्या कंटाळ्यात, एका ब्रीडरला २२ हजार रुपये जीपे केले. त्याचा मेसेज होता, '४५ डेज, व्हॅक्सिन डन, फीमेल, डबल ट्रायकलर'. पार्किंगमध्ये बुटाच्या खोक्यातून पिल्लू हातात आलं. आई कुठाय विचारलं तर म्हणाला, गावाकडे. मी 'बरं' म्हणालो.

श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम २०१७ सालापासून आहेत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरला राज्य मंडळाकडे नोंदणी करावी लागते. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. '४५ डेज' ही आपल्याकडे जाहिरात म्हणून लिहिली जाते, आणि वाचणाऱ्याला कळतही नाही की समोरचा गुन्हा कबूल करतोय. त्या उरलेल्या अकरा दिवसांत पिल्लू भावंडांशी मस्ती करता करता किती जोरात चावायचं नाही ते शिकत असतं. मी ते अकरा दिवस वाचवले आणि पुढे तेच शिकवायला ट्रेनर लावला. पोटच्या पोरासारखं म्हणतो आपण. असं पोर आणणाऱ्याला एरवी काय म्हणतात, ते तुम्हाला माहितीय.

आता बीगल. सहाशे रुपयांचा माउस घेताना मी तीन रिव्ह्यू वाचतो. बीगल म्हणजे काय ते मात्र कुत्री घरी येऊन तीन वर्षं झाल्यावर वाचलं. इंग्लंडमध्ये सशाच्या शिकारीसाठी तयार केलेली जात. वासाचा माग काढायचा, तोही कळपाने. तो लांब सूर असतो कळपातल्या बाकीच्यांसाठी आणि मागून येणाऱ्या शिकाऱ्यांसाठी: मी इथे आहे, या. तो ऑडिओ पुन्हा ऐकताना मला हे माहीत होतं, त्रास त्याचाच झाला. बर्फी सकाळी दहापासून बाकीच्यांना बोलावत होती, आणि टू बीएचकेमध्ये बाकीचं असं कोणी नव्हतंच.

तिला ही सवय लावली मीच. पहिलं दीड वर्ष मी चोवीस तास घरी. कॉलवर असलो की ती माझ्या पायावर झोपायची. माणूस घरातच असतो, हे तिने जगाबद्दल शिकून घेतलं. मग एचआरचा मेल आला, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. नंतर चार. (याच ऑफिसात दरवर्षी 'ब्रिंग युअर पेट' दिवस असतो. बर्फीचा तिथला फोटो कंपनीच्या लिंक्डइनवर आहे.) जाणं-येणं धरून साडेदहा तास. यावर मी इंजिनिअरला सुचेल तोच उपाय केला, गॅजेट आणलं. बिस्किट फेकणारा कॅमेरा. त्यातून बोलताही येतं. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी म्हणालो, "बर्फी, बेटा, काय करतेस?" ती उठली. दाराशी गेली. सोफ्यामागे बघून आली, बाथरूममध्ये गेली, परत दाराशी. मी मोबाईलवर बघत होतो. बिस्किट फेकलं तर तिने त्याचा वाससुद्धा घेतला नाही. शेजारी बसलेला मित्र म्हणाला, "सो क्यूट यार, तुला शोधतेय."

जे बर्फीबाबत झालं, तेच थोड्याफार फरकाने सगळीकडे होतं. २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत एक पग मुलाच्या मागे मागे चालला आणि देशभर पग आले. कुत्र्याचं शरीर थंड राहतं ते मुख्यतः धापा टाकून, आणि नाकच चपटं करून ठेवलेल्या कुत्र्याला नीट धाप टाकता येत नाही. एप्रिलच्या पुण्यात तो घोरत बसतो आणि आपण त्या घोरण्याचं रील करतो. सायबेरियातल्या हस्कीबद्दल तर बोलायलाच नको. प्राणी निवडताना आपण त्याचा चेहरा बघतो. तो दिवसभर काय करणार, हा प्रश्न खरेदीत येतच नाही.

माझे मामा फलटण तालुक्यात शेती करतात. पावसाळा संपला की धनगरांचे कळप कोकणाकडे निघतात, वाटेत मामांच्या रानात मेंढरं बसवतात. खताला लेंड्या मिळतात. त्यांच्याबरोबर कुत्री असतात, रात्री लांडग्याची राखण करायला. दिवाळीत मी तिथे होतो. कळपाबरोबरच्या एका म्हाताऱ्या बाबांना मी कौतुकाने बर्फीचे फोटो दाखवले. रेनकोटमधला, केकसमोरचा. त्यांनी नीट बघितले आणि विचारलं, "दिवसभर कोण असतं तिच्यासंगं?" म्हटलं, कोणी नाही, मी कामाला जातो. "मग पाळलीय कशाला?"

टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

गावाकडचं सगळं छान, असं मला म्हणायचं नाही. त्यांच्याच एका कुत्र्याच्या मानेला जखम होती आणि तिच्यात किडे पडले होते. रेबीजची लस कधी दिली विचारलं, तर कोणाला आठवेना. मी त्यावरून बरंच बोललो आणि ते बरोबरच होतं. पण ती कुत्री चोवीस तास माणसांत आणि मेंढरांत होती, दिवसभर चालत होती, त्यांना काम होतं. माझ्या कुत्रीला पाचही लशी वेळेवर मिळाल्या होत्या आणि साडेदहा तास भिंत.

"मी तिच्यासाठी किती करतो," असं मीही म्हणायचो. महिन्याला नऊ हजार. पण आपल्या पगारात पैसा देणं सगळ्यात सोपं, म्हणून आपण पैसा देतो. नामदेवांची गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकलीय: कुत्र्याने पोळी पळवली, तर कोरडी कशी खाशील म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. आपण त्यातलं तूप घेतलं. धावणं राहिलं. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४ मध्ये सापडलेल्या सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीच्या दफनात माणसांसोबत एक कुत्र्याचं पिल्लूही आहे. त्याच्या दातांवरून अभ्यासकांचा अंदाज आहे की ते डिस्टेंपरने आजारी होतं आणि तरी काही आठवडे जगलं. कोणीतरी शुश्रूषा केल्याशिवाय ते शक्य नव्हतं. आजारी पिल्लाचा त्या माणसांना उपयोग शून्य. कोणीतरी नुसतं त्याच्यापाशी बसलं असणार.

मग नोकरी करणाऱ्यांनी कुत्रं पाळूच नये का, असा प्रश्न मला मित्र रागाने विचारतात. एकटे राहत असाल, दहा तास बाहेर असाल आणि दिवसा दुसरं कोणी नसेल, तर हो, पाळू नये. शेल्टरमधून आणलेलं असलं तरी तास तेवढेच राहतात. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवायचा आदेश दिला, तेव्हा कोंडून ठेवणं क्रूर आहे अशी स्टोरी मीही टाकली होती. अकराच दिवसांत आदेश बदलला, आम्ही आनंद साजरा केला. स्टोरी टाकली तेव्हा मी ऑफिसात होतो, घराला कुलूप होतं.

आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात एक ओळ आहे. नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसं फिरवलं नाही, तर तो गुन्हा आहे. पहिल्यांदा दंड दहा ते पन्नास रुपये. दंड हास्यास्पद आहे, पण शब्द बघा: मालक. मला तो आवडतो. मालकाला जाब विचारता येतो. बाबा म्हटलं की सगळे "ऑ" करतात.

बायोमधून ती ओळ मी काढली. डॉग डेकेअर आमच्या घरापासून चौदा किलोमीटर, तेही जमेना. शेवटी तळमजल्यावरच्या आजींना विचारलं. त्यांना कुत्र्यांचं विशेष प्रेम नाही. "पलंगावर चढवायची नाही आणि तिचं खाणं तू पाठवायचं," एवढ्या दोन अटी. पैसे देऊ केले तर रागावल्या. दिवसभर त्या भाजी निवडतात, फोनवर बहिणीशी बोलतात, मालिका बघतात. बर्फी बाल्कनीच्या जाळीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचा वास घेते आणि मग खुर्चीखाली झोपते. ऑगस्टपासून ग्रुपवर एकही ऑडिओ आलेला नाही.

रात्री आठला मी बेल वाजवतो. बर्फी येते, शेपूट हलवते, माझे बूट हुंगते आणि परत आत जाऊन आजींच्या खुर्चीखाली बसते. मी पट्टा हातात घेऊन दारात उभा.

"बस जरा," आजी म्हणतात. "आमची मालिका संपू दे."