टाकीचा पंप कुणी निवडायचा?



या समूहावर आपण वाड्यांच्या, शाळांच्या, सार्वजनिक गणपतीच्या आठवणी वाचतो. मीही रावपुऱ्यातल्या जुन्या दिवसांबद्दल इथे दोनदा लिहिलं आहे. आजचा विषय मात्र आठवणीतला नाही आणि ऐकायला किरकोळ वाटेल. घरातल्या माशांच्या टाकीचा पंप थकला, तर नवा कोणता घ्यायचा? या एका पंपावरून आमच्याकडे आठवडाभर चर्चा चालली, आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालं. ते आधीच सांगून टाकतो. घरात चोवीस तास चालणारी वस्तू निवडताना शेवटचा शब्द तिची देखभाल करणाऱ्याचा असावा. दुकानदाराचा नाही, आणि दूर देशातून प्रेमानं ऑर्डर करणाऱ्या मुलाचाही नाही. मात्र शेवटचा शब्द हवा असेल, तर हिशेबही आपणच करायला हवा. "आम्हाला काय कळतंय त्यातलं, तुम्हीच बघा" असं म्हणायचं आणि नंतर वर्षभर कुरकुर करायची, हे बरोबर नाही.

आपल्यापैकी कितीतरी घरांत हेच चित्र असेल. मुलं नोकरीनिमित्त बाहेर गेली आणि त्यांच्या हौसेच्या वस्तू मागे राहिल्या. कुणाकडे कॅसिओ, कुणाकडे ट्रेडमिल, कुणाकडे कुत्रा. आमच्याकडे माशांची टाकी. मुलगा टोरंटोला गेला, पाच गोल्डफिश बडोद्यालाच राहिले. त्यातला एक आता अकरा वर्षांचा आहे. सकाळी चहाच्या आधी ही त्यांना दाणे घालते. रविवारी व्हिडिओ कॉल लागला की नातवाला आधी मासे बघायचे असतात, आजी-आजोबांचा नंबर नंतर. त्याचं मराठी तिकडे राहून पातळ होत चाललंय, पण टाकीसमोर तो अजून न अडखळता विचारतो, "आजोबा, मोठा कुठे लपला?" तेव्हा टाकी बंद करून टाका असा सल्ला देणाऱ्यांना मी नम्रपणे नाही म्हणतो.

आता मुद्द्याकडे. आमची टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच आहे. म्हणजे काठोकाठ भरली तर साधारण २५५ लिटर. तिच्या खाली स्टँडमध्ये दुसरी छोटी टाकी आहे, तिला संप म्हणतात. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हा शब्द ऐकून वेगळंच काही आठवतं, ते असो. वरचं पाणी पाइपातून आपोआप खाली संपात उतरतं, तिथे गाळलं जातं, आणि रिटर्न पंप ते पुन्हा वर चढवतो. तो पंप बंद पडला तर दोन गोष्टी होतात. पाण्यात हवा मिसळणं मंदावतं, आणि गाळणीतले जे उपयोगी जिवाणू माशांच्या घाणीतला अमोनिया निकामी करतात, त्यांना ताजं पाणी मिळेनासं होतं. काही तासांत ते मरू लागतात. बडोद्याच्या मे महिन्यात हे अधिक धोक्याचं, कारण पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो.

नवा पंप आणण्याआधी जुना खरंच गेला आहे का, ते बघावं. पंपाचा प्लग काढायचा, समोरचं झाकण उघडायचं, आतला चुंबकाचा रोटर बाहेर काढायचा. बोअरच्या जड पाण्यानं त्यावर पांढरा थर बसतो आणि पंप कुरकुरतो. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून, जुन्या टूथब्रशनं घासून, स्वच्छ धुऊन लावला तर बरेच पंप पुन्हा चालतात. वायरचं आवरण तडकलं असेल, तर मात्र तो पंप पाण्यात परत घालू नये. आमच्याकडे मी बादलीची परीक्षा घेतली. वर येणारा पाइप दहा लिटरच्या बादलीत सोडायचा आणि घड्याळ लावायचं. आधी बादली ३० सेकंदांत भरायची, म्हणजे ताशी १२०० लिटर. आता साफसफाई करूनही ७० सेकंद लागले, म्हणजे ताशी ५१४. रोटरचा दांडा झिजला होता आणि त्या मॉडेलचा सुटा रोटर मिळेना. तेव्हा नवा घेणं आलं.

दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा, चांगला माणूस. म्हणाला, "काका, मोटोज लई जाव." ताशी ५००० लिटर, १०० वॅट. मोठा घेतला की निश्चिंती, हा आपल्या सगळ्यांच्या मनातला जुना विचार. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, तुम्ही उन्हात फिरू नका, मी इथून ऑर्डर करतो, परवा घरी येईल." त्यानं निवडलेला पंप डीसी मोटरचा, मोबाइलच्या ॲपवर चालणारा. आणि शेजाऱ्यांचं मत, सर्वांत स्वस्त घ्या, बंद पडला की दुसरा आणा. तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं तथ्य होतं, पण आमच्या टाकीची उंची कुणीच विचारली नाही.

उंचीचं महत्त्व खरं तर आम्हा बडोदेकरांना सांगावं लागू नये. सयाजीराव महाराजांनी आजव्याचं सरोवर बांधवलं आणि तिथलं पाणी नुसत्या उतारानं शहरापर्यंत आणलं. पाणी उतरताना फुकट येतं, चढवताना पैसे पडतात. पंपाच्या खोक्यावर लिहिलेला ताशी लिटरचा आकडा उंची शून्य धरून दिलेला असतो. जितकं वर चढवाल तितका तो आकडा घटत जातो. खोक्यावर दुसरा एक आकडा असतो, कमाल उंचीचा. त्या उंचीला पंप चालू असतो, पण पाणी एक थेंबही बाहेर पडत नाही.

बँकवाल्यांना हे चटकन कळेल. कॅश क्रेडिटच्या खात्यात मंजूर मर्यादा दहा लाखांची असते, पण उचल मिळते ती ड्रॉइंग पॉवरइतकीच, म्हणजे गोदामातल्या मालाच्या किमतीतून मार्जिन वजा करून उरेल तेवढी. खोक्यावरचा आकडा ही मंजूर मर्यादा समजा. आपल्या घरातली उंची, पाइपाचे वाकडे सांधे आणि पाइपाचा व्यास वजा केल्यावर जे उरतं, ती आपली ड्रॉइंग पॉवर.

आमच्याकडे संपातल्या पाण्याच्या पातळीपासून वरच्या पाइपाच्या तोंडापर्यंत पावणेचार फूट भरले, म्हणजे सव्वा मीटरच्या आत. त्यात दोन एल्बो आहेत, म्हणून मी हिशेबाला दीड मीटर धरले. घरच्या गोड्या पाण्याच्या टाकीत तासाला चार-पाच वेळा पाणी फिरलं की पुरतं, म्हणजे आम्हाला खरे १००० ते १२५० लिटर हवेत. खोक्यावर ३००० लिटर आणि कमाल उंची ३ मीटर असलेला पंप दीड मीटरला साधारण निम्म्याच्या आसपास देतो. म्हणजे आमचं काम झालं. ५००० लिटरचा घेतला असता तर उतरणाऱ्या पाइपाला तेवढं पाणी झेपलं नसतं. वर पातळी चढली असती, खळखळाट वाढला असता, आणि शेवटी बाहेरच्या बाजूचा व्हॉल्व्ह आवळून पैसे देऊन घेतलेलं पाणी आपणच अडवलं असतं. शिवाय पाण्यात बुडालेल्या पंपाची उष्णता त्याच पाण्यात उतरते. मे महिन्यात १०० वॅटचा शेगडीवजा पाहुणा माशांना नको.

आता विजेचा हिशेब. हा मात्र प्रत्येकानं कागदावर करावा. वॅट गुणिले २४ गुणिले ३६५, भागिले १०००, म्हणजे वर्षाची युनिट. १०० वॅटला ८७६ युनिट, ६० वॅटच्या साध्या पंपाला ५२६, आणि २५ वॅटच्या डीसी पंपाला २१९. युनिटला सात रुपये धरा. वर्षाला अनुक्रमे ६१३२, सुमारे ३६८० आणि १५३३ रुपये. मला साधा पंप १८०० ला आणि डीसी ७००० ला सांगितला. फरक ५२०० चा. विजेत दर वर्षी साधारण २१५० वाचतात, म्हणजे अडीच वर्षांत तो भरून निघतो. स्वस्तातला पंप पहिल्या दिवशी स्वस्त असतो. नंतर दर दोन महिन्यांनी बिलातून तो उरलेली किंमत वसूल करतो.

म्हणजे मुलाचं म्हणणं निम्मं बरोबर होतं, आणि ते मी त्याला तसं सांगितलं. डीसी पंप घ्यावा हे मान्य. ॲपवर चालणारा घ्यावा हे अमान्य. रात्री दोन वाजता पंप थांबला तर चष्मा शोधून, पासवर्ड आठवून, वाय-फाय लागतंय का बघत बसणारा तो नसतो, मी असतो. मला गोल फिरवायचं बटण पुरतं. पंप उपसून साफ करणारे हातही माझेच. म्हणून मी दुकानात चार गोष्टी विचारल्या. रोटर सुटा मिळतो का? अडॅप्टर वेगळा आहे का, म्हणजे तेवढाच जळाला तर त्याच व्होल्ट-अँपिअरचा दुसरा आणता येईल का? झाकण स्क्रू-ड्रायव्हरशिवाय हातानं उघडतं का? आणि वीज जाऊन आली की पंप आपोआप सुरू होतो का? चौथ्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नका. दुकानातल्या बादलीत पंप चालू करून, मेन स्विच बंद-चालू करून बघा. आम्ही दोघं चार दिवस लेकीकडे गेलो आणि मागे पाच मिनिटं वीज गेली, तर या एका प्रश्नावर माशांचा जीव अवलंबून असतो.

बसवताना आणखी एक हिशेब आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. वीज गेली की वरचं पाणी त्याच रिटर्न पाइपातून उलटं खाली येतं, पाइपाचं तोंड उघडं पडेपर्यंत. आमच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे १४ लिटर. पाइपाचं तोंड तीन इंच बुडलेलं असेल तर ४२ लिटर खाली येणार. संपात तेवढी रिकामी जागा नसेल तर पाणी जमिनीवर, आणि आमच्यासारख्या लाकडी जमिनीच्या जुन्या घरात ते खालच्या मजल्यावरच्या मंडळींच्या डोक्यावर. उपाय सोपा आहे. पाइपाचं तोंड पाण्याच्या पातळीलगत ठेवा, किंवा पातळीच्या जरा खाली पाइपाला एक बारीक भोक पाडा, म्हणजे तिथून हवा शिरते आणि धार तुटते. भोक मधूनमधून साफ करत जा. नुसत्या एकतर्फी व्हॉल्व्हवर विसंबू नका, शेवाळ आणि क्षार अडकून तो अर्धवट उघडा राहतो. वायर भिंतीतल्या सॉकेटच्या खालपर्यंत लोंबती ठेवून मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये जात नाही. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर आधी तो बसवा, मग पंप. आणि पाण्यात हात घालण्याआधी स्विच बंद, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

आता कुणी म्हणेल, पाच माशांसाठी एवढा खटाटोप? वर्षाला दीड हजार रुपयांच्या विजेसाठी एवढा लेख? माझं उत्तर असं की प्रश्न पाच माशांपुरता नाही. आपल्या वयाच्या लोकांच्या घरात हळूहळू सगळं दुसरेच ठरवू लागतात. कोणता फोन, कोणता गिझर, कोणता पंखा. ठरवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, उलट त्यामागे मायाच असते. पण वस्तू येते, तिची पुस्तिका बारीक अक्षरात असते, आणि ती बिघडली की आपण पोरांच्या फोनची वाट बघत बसतो. हातात टेप आणि कागद घेऊन आपली उंची मोजली, आपलं बिल काढलं, तर मुलंही ऐकतात. माझ्या मुलानं आकडे वाचून एवढंच विचारलं, "बाबा, बादलीची आयडिया कुणाची?" मग पैसे मात्र त्यानंच पाठवले. त्यावर मी वाद घातला नाही.

नवा पंप लागून तीन आठवडे झाले. बादली २९ सेकंदांत भरते. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगावकडच्या मंडळींपैकी कुणाकडे टाकी असेल तर आपल्या गावच्या पाण्याचा आणि पंपाचा अनुभव खाली जरूर लिहा. क्षारांवर व्हिनेगरपेक्षा लिंबूफूल चांगलं, असं एका वहिनींनी सांगितलंय. कुणी करून पाहिलं असेल तर कळवा.

— एक निवृत्त बँकवाला, बडोदे