स्पॅनिशला दोष देण्यापूर्वी

अकरावी-बारावीला मराठीऐवजी स्पॅनिश, फ्रेंच वा जर्मन घेणारा विद्यार्थी म्हणजे मराठीचा अपराधी, असे मानण्याची रीत आपल्या मराठी विभागांत पडली आहे. वाशी, नेरूळ, खारघरच्या इंग्रजी शाळांतून आलेल्या मुलांचा विषय निघाला की हा सूर हमखास लागतो. ही मुले मराठीला मुकली, आता मराठीच्या वर्गात येणार कोण, वगैरे. आम्हाला हा सूर मान्य नाही. अपराध घडला आहे हे खरे, पण आरोपी भलताच धरला गेला आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा 2020 साली झाला. पण तो दहावीपर्यंतच. अकरावीच्या उंबरठ्यावर तो थांबतो. राज्य मंडळात इंग्रजी अनिवार्य आणि दुसऱ्या भाषेच्या एकाच जागेसाठी मराठी, हिंदी, संस्कृत व परकीय भाषांची रांग, ही रचना वर्षानुवर्षे चालत आली. त्यातही ती जागा भाषेनेच भरावी असे बंधन राहिले नाही. माहिती तंत्रज्ञान हा विषय घेऊन दुसरी भाषा अजिबात टाळण्याची सोय झाली. या सोयीवर आमच्या सहकाऱ्यांनी कधी एवढा त्रागा केल्याचे आम्हाला स्मरत नाही. जो विद्यार्थी भाषाच टाकतो तो व्यवहारचतुर, आणि जो निदान एक नवी भाषा शिकू पाहतो तो परका! हा न्याय अजब आहे.

केंद्रीय मंडळाच्या विषयसूचीत स्पॅनिश आहे, तशी मराठीही आहे. पण सूचीत असणे वेगळे आणि शाळेच्या वेळापत्रकात असणे वेगळे. आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएटची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. तिथे एक गट साहित्याभ्यासाच्या भाषेचा आणि दुसरा नव्याने आत्मसात करायच्या भाषेचा. दुसऱ्या गटात स्पॅनिश अगदी श्रीगणेशापासून शिकता येते. पहिल्या गटात शिक्षक नसला तरी शाळेच्या पाठबळावर मातृभाषेतले साहित्य स्वाध्यायाने अभ्यासण्याची तरतूद आहे. म्हणजे मराठी साहित्य आणि स्पॅनिश ही जोडी त्या चौकटीला मुळीच अमान्य नाही. ती अमान्य आहे आपल्या कल्पनाशक्तीला. ही तरतूद किती पालकांना ठाऊक असते? आणि किती मराठी विभागांनी अशा विद्यार्थ्यासाठी वाचनाची यादी करून देण्याची तयारी दाखवली आहे?

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. परकीय भाषा घेण्याचे कारण विचारले तर बहुधा एकच उत्तर मिळते: विषय 'स्कोअरिंग' आहे. या एका शब्दाने स्पॅनिश आणि मराठी दोहोंचा घात केला आहे. माझे घर, माझे कुटुंब, मित्रास पत्र, रिकाम्या जागा भरा, एवढ्यावर गुण पदरात पडत असतील तर पुढचे वाचायचे कशाला? सर्व्हान्तेस, लोर्का, नेरुदा ही नावे उच्चारल्यावाचूनही दोन वर्षे निभतात. मराठीच्या वर्गात तरी वेगळे काय चालते? तिथे कवितेऐवजी कवितेचे रसग्रहण पाठ होते, तेही मार्गदर्शकातले. म्हणजे मराठी सोडून स्पॅनिशकडे गेलेला विद्यार्थी एका साहित्यशून्य वर्गातून उठून दुसऱ्या साहित्यशून्य वर्गात जाऊन बसतो. मग हानी नेमकी कोणत्या भाषेची झाली म्हणायची?

याहून मोठा करंटेपणा असा की आपल्याकडे स्पॅनिश शिकवली जाते ती इंग्रजीतून. इंग्रजीत आवडणाऱ्या गोष्टीचा कर्ता 'मी' असतो. स्पॅनिशमध्ये तसे नाही. तिथे 'मे गुस्ता एल मांगो' म्हणतात आणि आंबे अनेक झाले की 'मे गुस्तान लोस मांगोस'. इंग्रजीतून शिकणाऱ्यास ही उलटी रचना वाटते, म्हणून ती नियम घोकून शिकावी लागते. पण मराठी मुलाला यात नवल ते काय? 'मला आंबा आवडतो', 'मला आंबे आवडतात'. वाशीच्या बाजार समितीत हापूसच्या पेट्या उतरवणारा माणूस जी रचना दिवसभर बोलतो, ती शिकवायला इंग्रजीचा वळसा कशासाठी? क्रियापदातच कर्ता सामावून सर्वनाम गाळणे, निर्जीव वस्तूंनाही लिंग असणे, तू आणि आपण यांतला आदराचा भेद, हे सारे मराठी मुलाच्या घरचेच आहे. स्पॅनिशच्या सख्ख्या बहिणीकडून, पोर्तुगीजकडून, आपण वसई-गोव्याच्या वाटेने 'पगार' हा शब्द उचलला. स्पॅनिशमध्येही पैसे चुकते करण्याचे क्रियापद तेच. मराठी पक्की असणे ही स्पॅनिश शिकण्यातली अडचण नसून ते भांडवल आहे. ते वर्गाबाहेर ठेवायला लावणारी शाळा दोन्ही भाषांचे नुकसान करते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या प्रश्नात पडावे ते एवढ्याचसाठी नव्हे. बोर्हेसने 1936 साली मुंबईच्या एका काल्पनिक वकिलाच्या काल्पनिक कादंबरीचे परीक्षण प्रसिद्ध केले. मुंबई स्पॅनिशमध्ये अशी पोचली. स्पॅनिश मात्र मराठीत येते ती बहुतकरून इंग्रजीच्या ओंजळीने. उलट दिशेलाही तेच: सेनोबिया काम्प्रुबी आणि हुआन रामोन हिमेनेस या दांपत्याने 1915 पासून रवींद्रनाथ स्पॅनिशमध्ये नेले, तेही इंग्रजीवरून. ही मध्यस्थी संपवायची तर दोन्ही भाषांत मुरलेला अनुवादक हवा. तो आकाशातून पडणार नाही. तो सोळाव्या-सतराव्या वर्षी कुठल्या तरी वर्गात बसलेला असेल. कदाचित नेरूळमध्ये, आणि त्याला मराठी विभागाने आधीच गमावलेला म्हणून सोडून दिलेले असेल.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. मराठी आणि परकीय भाषा एकाच जागेसाठी झुंजवू नका. तंत्रज्ञानाला भाषेची जागा देऊ नका. स्पॅनिश शिकवताना मराठीचा आधार घ्या, आणि दोन्ही वर्गांत निदान एक कथा, एक कविता परीक्षेच्या भयाविना वाचा. 2024 साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. अभिजात भाषेने शेजारच्या वर्गातल्या स्पॅनिशला भ्यावे, हे त्या दर्जाला शोभत नाही.